एचडीपीई लाइन ताब्यात घेण्याआधी: साइटवर नवीन आलेल्यांसाठी

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गावात मी ९ किलोची (म्हणजे चौरस सेंमीला ९ किलो दाबाची) हायड्रो टेस्ट, म्हणजे लाइनमध्ये दाबाने पाणी भरून घेतलेली चाचणी, पास केली होती. गेजचा काटा तासभर जागचा हलला नाही. मिस्त्री हसत होता, सरपंचांनी चहा मागवला आणि मी रजिस्टरवर सही ठोकली. पावसाळ्यानंतर लाइन सुरू केली, तर शाळेमागच्या रस्त्यावर तीन ठिकाणी पाणी वर आलं. खोदल्यावर उलगडा झाला. टेस्टच्या दिवशी पंपापासून साठेक मीटरवरचा स्लुइस व्हॉल्व्ह, म्हणजे लाइन अडवणारी झडप, बंद होता. म्हणजे टेस्ट झाली ती साठ मीटरची, आणि सही झाली सातशे मीटरवर.

तो व्हॉल्व्ह कुणी बंद केला याचा छडा लागला नाही. पण तेव्हापासून मी टेस्ट संपली की लाइनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन स्वतःच्या हाताने पाणी सोडतो. इकडचा काटा धाडकन खाली आला, तरच ती टेस्ट सगळ्या लाइनची झाली असं मानतो.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्याकडे गावोगाव एचडीपीईचे, म्हणजे पॉलिथिलीन प्लास्टिकचे, काळे पाइप पडले आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात नवी मुलं-मुली जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणून रुजू झाली. कागदावर सगळं शिकलेली असतात, पण वेल्डिंगचं मशीन बहुतेकांनी जवळून पाहिलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ग्रामपंचायतीच्या पाणी समितीतल्या कुणाला उपयोगी पडला तर उत्तमच. उदाहरण म्हणून आपल्याकडे नेहमी दिसणारा ११० मिमीचा, पीई १०० दर्जाचा, १० किलोचा पाइप घेतो.

माल उतरवताना

तपासणी ट्रक उभा राहतो तिथूनच सुरू होते. पाण्याच्या एचडीपीई पाइपसाठी आयएस ४९८४ हे मानक आहे. पाइपवरचा छापा वाचा: आयएसआय खूण, कंपनी, दर्जा, बाहेरचा व्यास, दाबाचा वर्ग, बॅच. छापा आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर जुळला पाहिजे. दहा ट्रकांना एकच सर्टिफिकेट फिरवलं जातं, हे तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या ट्रकलाच कळेल.

मग व्हर्नियर काढा. बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी म्हणजे एसडीआर. आपला ११० मिमीचा, १० किलोचा पाइप एसडीआर १७ चा, त्याची भिंत किमान ६.६ मिमी हवी. जाडी एका जागी मोजून थांबू नका. घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ अशा चार ठिकाणी मोजा, कारण एका बाजूला ७.२ आणि दुसरीकडे ५.९ असलेला पाइप सरासरीत बरोबर बसतो आणि फुटतो मात्र ५.९ वर.

रिसायकल दाण्याचा संशय आला तर दोन साध्या गोष्टी करता येतात. आतून हात फिरवा: नवा माल गुळगुळीत लागतो, भेसळीचा खरखरीत किंवा फोड आल्यासारखा. आणि एक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाका. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं असतं, त्यामुळे तुकडा तरंगलाच पाहिजे. बुडाला तर त्यात चुन्यासारखं काहीतरी भरलंय, ट्रक परत पाठवा. तरंगला म्हणून माल चांगलाच असं मात्र नाही, कारण भंगारातला दाणाही तरंगतो. पक्का निकाल प्रयोगशाळेतच लागतो. कार्बन ब्लॅक, म्हणजे पाइपला काळं करणारी काजळी, अडीच टक्के, अर्धा टक्का इकडे-तिकडे, आणि तो सारखा पसरलेला हवा. याच कार्बनमुळे पाइप उन्हात टिकतो. छत्रपती संभाजीनगरला सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचं केंद्र आहे, अशा ठिकाणी नमुना पाठवता येतो. नमुना तुम्ही निवडा, तुम्ही कापा, सील तुम्ही लावा. ठेकेदाराने आणून दिलेला नमुना पास होणारच.

पाइप जेसीबीच्या दातांनी किंवा साखळीने उचलू देऊ नका, पट्टा वापरायला लावा. खरचटा भिंतीच्या जाडीच्या दहा टक्क्यांहून खोल गेला असेल, म्हणजे आपल्या पाइपला साधारण ०.६ मिमी, तर तेवढा तुकडा कापून टाकायचा. नखाला अडकणारा प्रत्येक चरा मोजा.

सांधा: इथे बसून राहा

एचडीपीई लाइनमध्ये पाइप सहसा फुटत नाही, सांधा फुटतो. आणि वाईट सांधा दिसायला चांगला असू शकतो, टेस्टही पास करू शकतो आणि सहा महिन्यांनी सुटू शकतो. आम्ही त्याला ‘खोटा जॉइंट’ म्हणतो: वितळलेलं प्लास्टिक एकमेकांत मिसळलेलंच नसतं, नुसतं चिकटलेलं असतं. म्हणून वेळ कमी असेल तर बाकी कुठेही काटकसर करा, पण वेल्डिंगच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसा.

बट वेल्डिंगचा, म्हणजे दोन पाइपांची तोंडं वितळवून एकमेकांना भिडवण्याचा, क्रम असा. दोन्ही पाइप क्लँपमध्ये पकडायचे. रंध्याने तोंडं तासायची. दोन्ही बाजूंनी न तुटणारी, लांबलचक साल निघू लागली की तोंड सपाट झालं. तासल्यानंतर त्या तोंडाला हात लावायचा नाही. घामाचा किंवा तेलाचा एक ठसा पुरेसा असतो. मग दोन्ही पाइप जुळवून बघायचे. काठ एकमेकांपासून भिंतीच्या दहा टक्क्यांहून जास्त सरकलेले नकोत.

यानंतरची पायरी नव्वद टक्के मिस्त्री गाळतात. मशीनला मोकळा पाइप नुसता सरकवायला किती दाब लागतो, ते गेजवर वाचायचं. हा ओढीचा दाब. मशीनच्या तक्त्यातल्या वेल्डिंगच्या दाबात तो मिळवायचा असतो. चरात पन्नास मीटर पाइप मातीवरून ओढला जात असेल तर ही ओढ मोठी असते, रोलरवर असेल तर छोटी. म्हणून ती प्रत्येक सांध्याला नव्याने मोजायची. तोंडावर प्रत्यक्षात पडायला हवा तो दाब फार मोठा नसतो. आपल्या ११० मिमी पाइपच्या गोल भिंतीचं क्षेत्रफळ साधारण २१ चौरस सेंमी. चौरस मिलीमीटरला ०.१५ न्यूटन धरला तर एकूण जोर ३३ किलोच्या आसपास येतो. तेवढा सगळा ओढीतच खर्च झाला, तर सांध्याच्या वाट्याला काहीच येत नाही.

आता हीटर प्लेट, म्हणजे तोंडं वितळवणारी तापती तबकडी. साइटवर तिला ‘मिरर’ म्हणतात. तापमान २०० ते २२० अंश. प्लेटवरच्या आकड्यावर विसंबू नका, हातातल्या तापमापकाने चार-पाच ठिकाणी मोजा. प्लेट पुसायची ती सुती कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने. डिझेलने प्लेट पुसणारा मिस्त्री मी पाहिलाय, आणि शर्टाच्या टोकाने पुसणारे तर अनेक. दिवसाचा पहिला सांधा हा नुसता प्लेट साफ करण्यासाठी, तो कापून टाकायचा.

प्लेटला दोन्ही तोंडं दाबायची. काठावर वितळलेल्या प्लास्टिकची साधारण एक मिमीची वळी चारही बाजूंनी सारखी दिसली की दाब जवळजवळ शून्यावर आणायचा आणि नुसतं तापू द्यायचं: भिंतीच्या प्रत्येक मिलीमीटरला दहा सेकंद, म्हणजे आपल्याला ६६ सेकंद. या वेळात दाब तसाच ठेवला तर वितळलेला माल बाहेर पिळून जातो आणि जोडायला थंड प्लास्टिक उरतं. मग प्लेट काढून पाइप भिडवायचे. यात पाच-सहा सेकंदांहून जास्त जाता कामा नये. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. मिस्त्री आधी हसतो, दुसऱ्या दिवसापासून स्वतःच ‘एक, दोन’ मोजायला लागतो.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यावरून तुमचं आणि ठेकेदाराचं भांडण होणार: थंड होणं. दाब कायम ठेवून, क्लँप न सोडता, या जाडीला सहा ते दहा मिनिटं. मे महिन्यात दहाच धरा. वर पाणी ओतायचं नाही, ओलं फडकं गुंडाळायचं नाही.

इथे थोडा हिशेब कामाला येतो. तासणं, जुळवणं, तापवणं, थंड करणं मिळून एका सांध्याला सतरा-वीस मिनिटं जातात. म्हणजे एका मशीनवर आठ तासांत चोवीस ते अठ्ठावीस सांधे. सहा मीटरचे पाइप असतील तर पाचशे मीटरला ८३ सांधे, म्हणजे तीन-साडेतीन दिवस. कुणी संध्याकाळी फोन करून ‘साहेब, आज पाचशे मीटर वेल्डिंग झालं’ असं म्हणालं, तर अभिनंदन करण्याआधी किती मशीन होती ते विचारा.

वारा असेल तर ताडपत्रीचा आडोसा करा आणि पाइपची लांबची टोकं झाकून घ्या. उघड्या पाइपमधून वारा खेळतो आणि प्लेट काढताच तोंड थंड करतो. जनरेटर वेल्डिंगपुरताच असावा. त्याच्यावरच काँक्रीटचा व्हायब्रेटर लावला की प्लेटचं तापमान खाली-वर होतं.

वळी काय सांगते

सांधा थंड झाला की बाहेरची वळी, म्हणजे बीड, बघा. दोन्ही बाजूंना सारखी, गोल वळलेली, भोवती सलग हवी. दोन वळ्यांमधली खाच पाइपच्या पृष्ठभागाच्या खाली गेलेली नको. एक बाजू जाड आणि दुसरी बारीक असेल तर तापवण्यात फरक पडलाय, किंवा दोन पाइपांचा माल वेगळा आहे.

दिसण्यापलीकडची चाचणी म्हणजे वळी सोलून काढणं. त्यासाठी छिलणी मिळते. पूर्ण गोल पट्टी निघाली की ती उलटी वाकवायची, दर दोन-चार सेंमीवर. मधोमध फट उघडली किंवा आत धूळ दिसली तर तो सांधा कापायचा, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या सांध्यांकडेही संशयाने बघायचं. काढलेल्या पट्टीवर मार्करने सांध्याचा नंबर घालून ती पिशवीत ठेवा. माझ्याकडे एकेका गावाची अशी पिशवी असायची. बिलाच्या वेळी ती टेबलावर ठेवली की चर्चा लवकर संपते.

याशिवाय सुरुवातीला आणि मिस्त्री बदलला की एक सांधा पूर्ण कापा. लांबीच्या दिशेने पट्ट्या काढा आणि सांध्यावर वाकवा. चांगला सांधा वाकतो, ताणतो, तुटला तरी चिंध्या होऊन तुटतो. काच फुटल्यासारखा सपाट तुटला तर काम थांबवा.

इलेक्ट्रोफ्यूजन कपलरचं, म्हणजे आतल्या तारेत करंट सोडून पाइपला वितळवून चिकटवायच्या बाहेरच्या नळीचं, थोडक्यात: सगळी कला खरवडण्यात आहे. पाइपच्या वरच्या थरावर ऑक्सिडेशन झालेलं असतं, ते ०.२ मिमीभर तरी काढायलाच हवं. पॉलिश पेपरने ते निघत नाही, फक्त पसरतं. पाइपवर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि स्क्रेपरने खरवडायला सांगा. एकही रेघ उरली नाही की झालं. मग अल्कोहोलने पुसणं, कपलर किती आत जाईल त्याची खूण, आणि क्लँप. क्लँपशिवाय केलेला कपलर घेऊ नका. कपलरवरची बटणं वर आली म्हणजे करंट गेला एवढंच कळतं, सांधा झाला असं नाही.

प्रत्येक सांध्याला नंबर, तारीख, मिस्त्रीच्या नावाची अक्षरं पाइपवरच लिहायची आणि तेच रजिस्टरला: ओढीचा दाब, प्लेटचं तापमान, तापवण्याची आणि थंड करण्याची वेळ. मोबाइलवर लोकेशनसकट फोटो. पुढे एमबी (बिलासाठीची मोजमाप वही) लिहिताना आणि त्रयस्थ तपासणीवाले येतात तेव्हा याचाच आधार असतो.

चर आणि भराव

चराचा तळ दगडावर येत असेल, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात तो येतोच, तर खाली शंभर मिमी वाळू किंवा चाळलेला मऊ मुरूम. पाइपच्या बाजूला आणि वरही आधी तोच, मग खोदलेला माल. एका टोकदार दगडावर टेकलेला पाइप आज काही बोलत नाही. वर ट्रॅक्टर फिरू लागले की तीच जागा खचते.

उन्हात पडलेला पाइप सकाळच्या थंडीत किती आखडतो ते एकदा डोळ्यांनी पाहा. मीटरला अंशामागे सुमारे ०.२ मिमी. शंभर मीटर पाइप, तीस अंशांचा फरक: साठ सेंमी! दुपारी ताणून बसवलेली लाइन रात्री फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळलेली जोड-चकती, ओढून काढते. म्हणून चरात पाइप थोडा नागमोडी टाका आणि व्हॉल्व्हला शेवटची जोडणी सकाळी करा.

भराव करताना सांधे उघडे ठेवा, मधला पाइप झाका. टेस्टच्या आधी पाइप दबलेला हवा, नाहीतर दाबाखाली तो सरकतो. पिवळी किंवा निळी इशारा पट्टी आणि सोबत तांब्याची तार टाकायला विसरू नका. प्लास्टिक पाइप धातुशोधकाला सापडत नाही, आणि पाच वर्षांनी फायबरवाला खोदायला येतोच.

हायड्रो टेस्ट

साधारण पाचशे मीटरचा तुकडा घ्या. आधी टोकं बघा. वितळवून जोडलेली एचडीपीई लाइन स्वतःला धरून राहते, पण जिथे ती व्हॉल्व्हला, जुन्या पीव्हीसीला किंवा लोखंडी पाइपला भेटते तिथे जोर येतो. ११० मिमीच्या बंद टोकाचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंमी. ९ किलो दाबाला टोकावर साडेआठशे किलोंचा धक्का बसतो. दोन दगड लावून तो थांबत नाही. आणि टोकासमोर कुणालाही उभं राहू देऊ नका, विशेषतः बघायला आलेल्या पोरांना.

टेस्ट कधीही कॉम्प्रेसरच्या हवेने करू नका. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फुटलं की लगेच दाब उतरतो. हवा स्प्रिंगसारखी असते, ती टोपण बंदुकीसारखं उडवते.

पाणी खालच्या टोकाने, सावकाश भरा आणि वरच्या सगळ्या एअर व्हॉल्व्हमधून फसफस थांबून सलग धार येईपर्यंत सोडा. किती पाणी गेलं ते मोजा. आपल्या पाइपमध्ये मीटरला सुमारे ७.४ लिटर मावतं, पाचशे मीटरला ३,७०० लिटर. टँकरमधून जेमतेम हजार लिटर गेलं असेल तर एक तर लाइनमध्ये हवा आहे, किंवा कुठलातरी व्हॉल्व्ह बंद आहे. मला त्या वर्षी हा एक गुणाकार सुचला असता तर सही वाचली असती.

गेज दोन लावा, दोन्ही टोकांना, कॅलिब्रेशनच्या कागदासकट. दाब बहुतेक निविदांमध्ये कामाच्या दाबाच्या दीडपट असतो: ६ किलोच्या लाइनला ९. हे ९ किलो सगळ्यात खालच्या जागी मोजायचे. गेज पंचवीस मीटर उंचावर असेल तर त्याच्यावर साडेसहाच दिसले पाहिजेत, कारण दहा मीटर उंचीला साधारण एक किलो जातो. वर ९ दाखवण्याच्या नादात खाली साडेअकरा होतात. टेस्ट पहाटे सुरू करा. ऊन चढलं की उघडा काळा पाइप तापतो, आणि तापलेल्या प्लास्टिकची ताकद कमी होते.

नव्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक पुढच्या गोष्टीने होते. ९ किलो केले, पंप बंद केला, आणि काटा खाली यायला लागला. गळती कुठेच नाही. असं का? एचडीपीई दाबाखाली हळूहळू फुगतो. आधी भराभर, मग संथ. लोखंडी लाइनचा नियम इथे लावला तर चांगली लाइनही नापास होते. म्हणून ही पद्धत वापरा, एएसटीएम एफ २१६४ या अमेरिकन मानकात ती दिलेली आहे:

१. दाब ९ किलोवर न्या आणि चार तास थोडं थोडं पाणी भरत तिथेच राखा. हा पाइपला फुगू देण्याचा वेळ, यात पास-नापास नाही. तेवढ्यात सगळे उघडे सांधे चालत बघून घ्या.

२. मग ०.७ किलो कमी करा, म्हणजे ८.३. पंप तोडा.

३. एक तास बघा. ओल कुठेच नसावी आणि दाब पाच टक्क्यांच्या आत राहावा, म्हणजे ७.९ च्या खाली नको. दाब कमी केल्यावर काटा सुरुवातीला किंचित वर चढलेला दिसेल. घाबरू नका, पाइप थोडा आखडतोय.

४. सगळं मिळून आठ तासांपेक्षा जास्त लाइन टेस्टच्या दाबाखाली ठेवू नका. नापास झाली तर दाब पूर्ण उतरवा, दुरुस्ती करा, आणि किमान आठ तास विश्रांती देऊनच पुन्हा. लगेच पुन्हा दाब चढवलात तर आधीच फुगलेला पाइप वेगळाच आकडा देतो.

निविदेत दुसरी पद्धत लिहिली असेल तर तीच पाळावी लागेल, पण काटा का पडतोय ते निदान तुम्हाला समजेल. आणि ओतीव लोखंडाच्या लाइनला सांध्यामागे थोडी गळती मान्य करणारं जुनं सूत्र कुणी काढलं, तर ते वेल्ड केलेल्या लाइनला चालत नाही. इथे मान्य गळती शून्य.

काटा एकसारख्या वेगाने, न मंदावता पडत राहिला तर खरी गळती समजा. बहुतेक वेळा ती फ्लँजच्या गॅस्केटला, एअर व्हॉल्व्हच्या बुडाला किंवा तुमच्याच टेस्ट पंपाच्या नळीत असते. आधी ती बघा, मग खोदायला सांगा.

पास झाल्यावर

दूरच्या टोकाला जा आणि पाणी सोडा. पंपाजवळच्या माणसाला फोनवर काटा वाचायला सांगा. वाटेतला प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे हे आटे मोजून बघा.

मग फेरूल (मुख्य पाइपमधून घराकडे पाणी काढणारा छोटा नळ) आणि घरजोडण्या. सॅडल, म्हणजे पाइपवर आवळायचा पट्टा, बसवून भोक पाडलं जातं तेव्हा भोकाची चकती आत पडू देऊ नका, ती पुढे कुणाच्या तरी नळात जाऊन बसते. जोडण्या झाल्यावर गावाच्या रोजच्या दाबाला परत एकदा लाइन चालवून प्रत्येक सॅडल कोरडा आहे का ते बघा. मोठी टेस्ट झाली म्हणून हे टाळतात, आणि पुढच्या तक्रारी नेमक्या इथूनच येतात.

शेवटी लाइन धुवा आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घाला. लिटरला २५ मिलीग्रॅम क्लोरिन चोवीस तास राहू द्यायचा असेल, तर ताज्या, ३३ टक्क्यांच्या पावडरची हजार लिटरमागे सुमारे ७५ ग्रॅम लागेल, आपल्या पाचशे मीटरला २८० ग्रॅम. पोतं उघडं पडलेलं असेल तर तेवढ्याने भागणार नाही. ते पाणी नाल्यात, पण विहिरीपासून लांब सोडा, आणि त्या दिवशी नळाचं पाणी भरू नका हे दवंडी देऊन किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या संध्याकाळीच सांगा. सकाळी सांगितलंत तर निम्म्या घरांचे हंडे भरून झालेले असतात.